लाइन खराब नव्हती

युद्धावरून आलेल्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात. 'किती जपानी मारले?' औंढ्याच्या देवळाबाहेर बेल-फुलं विकणाऱ्या बाईपासून हिंगोलीच्या वकिलांपर्यंत सगळ्यांनी मला तो विचारला आहे. एकही नाही म्हटलं की त्यांची तोंडं पडतात. मग दुसरा प्रश्न येतो, 'मग इतकी वर्षं केलं काय?' तार जोडली. तुटली की जोडली, परत तुटली की परत जोडली. हे सांगितलं की समोरचा माणूस घाईनं पावसापाण्याचं विचारतो. आता संपादकांनी सविस्तर लिहा म्हणून मागेच लागल्यामुळे लिहितो. निदान मधेच कुणी पावसाचं विचारणार नाही.

मी औंढ्याचा. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलो, मिडल पास झालो आणि हिंगोली स्टेशनच्या तारेच्या गँगमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या, म्हणून लागलो. खांबावर चढायचं, तार अडकवायची चिनीमातीची चिमणी बसवायची, तार ताणायची. लढाई सुरू झाली तेव्हा सिकंदराबादला भरतीवाल्यांनी विचारलं, "क्या काम आता है?" मी म्हटलं, तारेचं. साहेबानं लगेच शिक्का मारला. माझ्यामागे जवळा बाजारचा एक जण उभा होता, शेख महबूब. त्याचा बाप कापूस पिंजायचा. त्यालाही तोच प्रश्न झाला. तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "जो इनको आता, वोईच." त्याला तारेतलं काडीचं कळत नव्हतं. तरी त्यालाही सिग्नलमध्ये, म्हणजे फौजेच्या तारखात्यात, घेतलं. फौजेचा कारभार कसा चालतो त्याचा हा पहिला धडा.

आम्हाला ज्या डिव्हिजनमध्ये टाकलं ती तेव्हा नुसती नावाची होती. डिव्हिजन म्हणजे काय ते आधी सांगतो. तीन ब्रिगेडा, प्रत्येक ब्रिगेडमध्ये तीन पलटणी. त्यांच्या जोडीला तोफखाना, पूल बांधणारे, दवाखाने, रेशनवाले, मोटारी, खेचरं. अख्खा हिंगोली गाव उचलून चालता केला तरी तिची बराबरी व्हायची नाही. या सगळ्यांच्या डोक्यावर एक जनरल. हा जनरल बंदूक झाडत नाही. तो तंबूत नकाशा पुढ्यात घेऊन बसतो आणि बोलतो. त्याचं बोलणं तीन ब्रिगेडियरांपर्यंत पोचलं तर डिव्हिजन चालते. ते पोचवणारी तार आमची.

आमची डिव्हिजन उभी राहिली ती दख्खनच्या माळावर, वाळवंटात लढायसाठी. गाड्या पिवळ्या रंगवल्या. वाळूत तार कशी पुरायची ते आम्ही उन्हाळाभर शिकलो. मग हुकूम आला की वाळवंट रद्द, ब्रह्मदेशात जायचंय. गाड्या हिरव्या रंगवल्या. निम्म्या गाड्या काढून घेतल्या आणि खेचरं दिली. खेचराच्या पाठीवर तारेची रिळं बांधायला शिकतो तोवर एक ब्रिगेड दुसऱ्या डिव्हिजनला देऊन टाकली आणि तिच्याऐवजी भलतीच आली. जनरलही बदलला. पहिल्याला परेडीचा शौक होता, त्याला आमच्या पट्ट्यांचं पितळ चमकायला पाहिजे असायचं. दुसरा आला तो सदा घाईत. जवान त्याला जल्दीसाब म्हणायचे. त्याचा तंबू आम्ही तारा जोडून पुरा करेपर्यंत तो पुढच्या मुक्कामाला निघालेला असायचा. आम्ही त्याच तारा गुंडाळत मागं पळायचो.

आमचा हवालदार गुरबचनसिंग म्हणायचा, "जपानी एक तार काटता है, अपने भाई दस." ते खरं होतं. आमच्याच तोफवाल्यांना तंबू बांधायला सुतळी मिळाली नाही की ते आमची तार तोडायचे. आमच्याच पलटणी तिच्यावर धोतरं आणि पगड्या वाळत घालायच्या. एकदा आमच्या दवाखान्यातल्या आचाऱ्यानं कंदील टांगायला तारेचा गजभर तुकडा कापून घेतला. जनरलचं बोलणं चालू असतानाच कापला. महबूब त्याला मारायला धावला तर तो म्हणतो, "मला काय ठावं, जनरल तिच्यात हाय म्हणून."

त्या आचाऱ्याला मी माफ केलं. ज्यांना माफ करता आलं नाही, त्यांची गोष्ट आता सांगतो. ते सगळे आता गेले आहेत, तेव्हा सांगायला हरकत नाही.

ब्रह्मदेशातल्या डोंगरांतून आम्ही खाली उतरत होतो. पुढं एक ब्रिगेड होती. तिचा ब्रिगेडियर उंच, वाकून चालणारा, सावकाश बोलणारा. ब्रिगेडच्या तोंडाशी दोन पॅगोडांची एक टेकडी होती आणि तिच्यावर जपानी बिळं करून बसले होते. पलटणी आठवड्यांमागून आठवडे लढून दमल्या होत्या, निम्मे जवान जुलाबानं बेजार. मागच्या नाल्यावरचा पूल जपान्यांनी उडवला होता. तो बांधायचं काम चालू होतं, पण तो होईस्तोवर रणगाडे अलीकडेच अडकलेले. तिकडं शेजारची डिव्हिजन नदीकडं झपाट्यानं निघालेली, आणि तिच्याआधी आपण पोचलो पाहिजे असं जल्दीसाबच्या डोक्यात बसलेलं.

एके दिवशी सकाळी जनरलपासून त्या ब्रिगेडपर्यंतची तार तुटली. मी आणि महबूब निघालो. काम सोपं असतं, पण भिकारडं. तार हातातून सरकवत चालायचं, काटाकुटा, चिखल काही बघायचं नाही. तुटलेलं टोक सापडलं की दुसरं हुडकायचं, जोड मारायचा, पट्टी गुंडाळायची. मग जोड बराबर आहे का बघायला तारेच्या दोन पदरांत दोन टाचण्या टोचायच्या आणि आपला छोटा फोन लावून ऐकायचं. मी फोन लावला आणि कानाशी धरला. तिकडून जनरल बोलत होता.

खरं म्हणजे लाइनमननं फोन लगेच काढायचा असतो. पण आवाज इतका स्वच्छ होता की मी कामावर खूश होऊन क्षणभर तसाच थांबलो. इंग्रजी मला एव्हाना कळायला लागलं होतं.

जनरल म्हणाला, "उद्या पहाटे टेकडी घ्या."

ब्रिगेडियर म्हणाला, "सर, पूल परवा होईल. परवा रणगाडे आले की घेतो."

"रणगाड्यांची वाट पाहू नका. उद्या पहाटे. हा माझा हुकूम..."

"हॅलो?" ब्रिगेडियर म्हणाला. "हॅलो? सर, ऐकू येत नाही."

"उद्या पहाटे!" जनरल ओरडला. माझा कान दुखला.

"हॅलो? सर? लाइन खराब आहे. काहीच ऐकू येत नाही." आणि त्यानं फोन ठेवला.

मी महबूबकडे बघितलं. त्यानं विचारलं, "काहून? जोड सुटला काय?"

"जोड पक्का हाय," मी म्हटलं. "ब्रिगेडियरला ऐकू येऊन नाही राहिलं."

मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला. म्हणाला, "हुशार हाय गड्या. नाही म्हणावं तर नोकरी जाती, हो म्हणावं तर पोरं मरतात. म्हणून बहिरा झाला." थोड्या वेळानं आम्हा दोघांच्याही लक्षात आलं की तो बहिरा झाला म्हणजे खापर आमच्यावर फुटणार.

तसंच झालं. परत पोचलो तर गुरबचनसिंग लालबुंद. जनरलनं आमच्या कॅप्टनला झापलं होतं, कॅप्टननं त्याला. "लाइन खराब है! जाओ!" मी म्हटलं, "हवालदारसाब, लाइन ठीक आहे. माझ्या कानानं ऐकलं." पुढचं मात्र बोलता येईना. ब्रिगेडियर खोटं बोलतोय असं एका सिग्नलमननं म्हणायचं? आणि म्हटलं तर उद्या पहाटे त्या पलटणी टेकडी चढणार. चढल्या असत्या तर काय झालं असतं ते आम्हाला दोघांना पुरतं माहीत होतं. मी गप्प बसलो. महबूबही बसला.

बिनतारी संच होता की, असं कुणी म्हणेल. होता. डोंगराच्या घडीत तो धड चालत नसे, आणि चालला तरी बोलणं आधी गुप्त भाषेत बांधायचं, तिकडं सोडवायचं, यात दिवस जायचा. शिवाय त्या दिवशी ब्रिगेडच्या संचाची बॅटरी भरायला लावलीय असं कळलं. बॅटरीलाही तोच दिवस सापडला होता!

आम्ही दुसऱ्यांदा गेलो. अख्खी तार हातातून नेली. कुठं काही नाही. मधे टाचण्या टोचून ऐकलं, तर पुन्हा तेच. जनरल गरजतोय आणि ब्रिगेडियर सावकाश म्हणतोय, "लाइन फार खराब आहे, सर." या वेळी मी चिडलो. चांगल्या तारेला वाईट म्हटलेलं कारागिराला सोसत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे ती वाट जपान्यांच्या तोफेच्या टप्प्यात होती. मधल्या खिंडीत थोड्या थोड्या वेळानं गोळा पडायचा. महबूब म्हणाला, "इथं आपण मरून राहिलो अन् तिथं मोठे लोक आंधळी कोशिंबीर खेळून राहिले."

"जाऊ दे," मी म्हटलं. "पलटणी वाचतात ना."

"पलटणी वाचतात ते बराबर हाय रं. पण आपण कुणाच्या पलटणीत हावोत?"

तिसऱ्यांदा हुकूम आला तो असा, की थेट ब्रिगेडच्या टोकापर्यंत जा आणि तिथून तपासून कळवा. दुपार झाली होती. खिंडीत आम्ही वाकून पळत होतो. गोळा आमच्या डाव्या अंगाला पडला. मी उठलो, महबूब उठला नाही. त्याच्या खांद्यातून रक्त येत होतं आणि तो शिव्या देत होता. शिव्या देतोय म्हणजे जिवंत आहे एवढा धीर आला. मी पट्टी बांधली. जवळच पहाडी तोफखान्याची एक तुकडी होती, त्यांचे डोलीवाले धावत आले. महबूब डोलीत पडल्या पडल्या म्हणाला, "देवबा, तुझी पक्कड माझ्या पिशवीत राहिली, घे." मी घेतली आणि पुढं गेलो. रागानं चालत राहिलो.

ब्रिगेडचं ठाणं बांबूच्या बेटाखाली खणलेल्या खड्ड्यात होतं. मी आत गेलो तेव्हा ब्रिगेडियर गोळ्यांच्या खोक्यावर बसला होता. बूट काढलेले, पाय सुजलेले. समोर फोन. बाजूला त्याचा सिग्नलचा कॅप्टन माझ्या नजरेला नजर देईना. मी सलाम केला.

ब्रिगेडियरनं त्याच्या मोडक्या उर्दूत विचारलं, "लाइन कैसा है, जवान? बहुत खराब, है ना?"

त्याला काय हवं होतं ते मला कळलं. माझ्या तोंडून एक 'जी साब' निघालं असतं तर त्याला आणखी थोडा वेळ मिळाला असता. माझी बाही महबूबच्या रक्तानं भिजलेली होती. मी म्हटलं, "नहीं साब. लाइन ठीक है. सुबह से ठीक है. हम तीन बार आए. मेरा साथी खिंड में गिर गया."

कॅप्टननं श्वास ओढलेला ऐकू आला. ब्रिगेडियर माझ्या बाहीकडे बघत होता. "मर गया?" त्यानं विचारलं.

"जिंदा है, साब."

त्यानं बूट घातले. नाड्या बांधल्या, सावकाश, दोन्ही. मग फोनचा दांडा फिरवला. मी तिथंच उभा होतो, मला कुणी जा म्हटलं नाही. तो म्हणाला, "सर, आता स्पष्ट ऐकू येतंय. सकाळपासून येत होतं. उद्या पहाटे मी टेकडी चढणार नाही. पूल होऊ द्या." तिकडून बराच वेळ आवाज येत राहिला. शेवटी तो म्हणाला, "होय सर. समजलं," आणि फोन ठेवला. मग कॅप्टनला म्हणाला, "लाइन ठीक आहे. आज त्या वाटेनं परत कुणाला पाठवू नका."

दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागी नवा ब्रिगेडियर आला, जनरलच्या मर्जीतला. त्याला हुकूम होता ताबडतोब टेकडी घ्यायचा. पण नवा माणूस. जमीन बघायला, पलटणी ओळखायला त्याला वेळ लागला, आणि तेवढ्यात पूल तयार झाला. रणगाडे आले. दुपारपर्यंत टेकडी पडली. म्हणजे जुना म्हणत होता त्याच दिवशी आणि तशीच. हे ऐकून मी हातातलं रीळ जमिनीवर आपटलं. इतकंच होतं, तर आमची माणसं खिंडीतून कशाला पळवली?

जुना ब्रिगेडियर त्या अर्धवट पुलावरून चालतच मागं गेला. बरोबर एक अर्दली आणि एक किटबॅग. आम्ही पुलाजवळ तार वर चढवत होतो. मी सलाम ठोकला. त्यानं हात वर केला, पण थांबला नाही. पुढं त्याला हिंदुस्थानात कुठल्याशा भरती डेपोवर बसवलं असं ऐकलं.

मी दवाखान्यात महबूबला भेटायला गेलो तेव्हा मला वाटलं, हा खूश होईल. मी सगळं सांगितलं. तो उठून बसायला बघायला लागला. "तू बोललास? काहून बोललास?"

"तुझ्यासाठी बोललो! तुझं रक्त अंगावर घेऊन उभा होतो मी."

"माझा खांदा गेला तो गेला. त्याला घरी बसवलंस की तू."

"मग काय खोटं बोलायचं होतं?"

"एक दिवस अजून बोलायचं होतं," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. मी त्याच्यासाठी नेलेला गूळ तिथंच ठेवून आलो. कुणाचा राग करावा तेच मला कळेना. जनरलचा करावा तर त्याला खालचं काही माहीत नव्हतं. ब्रिगेडियरचा करावा तर त्यानं शेवटी आपणच मान पुढं केली. महबूबचा करावा तर तो पट्ट्यांत गुंडाळलेला.

लढाई संपली, डिव्हिजन मोडायची ठरली. मैदानात परेड झाली. जनरलनं डिव्हिजनचा इतिहास सांगितला. दख्खनच्या माळापासून नदीपर्यंत, एकेक लढाई. टेकडीपाशी आल्यावर म्हणाला, "तिथं दळणवळण वारंवार तुटत होतं, तरीही आपण डगमगलो नाही." सिग्नलची कंपनी रांगेत सावधान उभी होती. गुरबचनसिंगाचे दात करकरलेले मला दोन माणसं पलीकडून ऐकू आले. आमच्या तारेचा इतिहास तेवढाच, आणि तोही खोटा. महबूब, खांदा एका बाजूला उतरलेला, समोर बघत राहिला.

गावी आलो. मी परत तारेच्या कामाला लागलो. महबूबला वर हात उचलता येत नव्हता, त्यानं जवळा बाजारला चहाची टपरी टाकली. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं तेव्हा दिवस फार वाईट आले. कोण कुणाला कधी मारील याचा नेम नव्हता. मी सायकलवर जाऊन महबूबला, त्याच्या बायकोला आणि लेकरांना औंढ्याला घेऊन आलो. ते काही आठवडे आमच्याकडे राहिले. माझी आई त्याच्या बायकोशी भाजीत तिखट किती टाकायचं यावरून भांडायची. निवळलं तसे ते परत गेले आणि टपरी पुन्हा उघडली.

त्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी मी तिथं गेलो. कापसाच्या गाड्या सोडून लोक टपरीवर जमलेले आणि महबूब त्यांना डिव्हिजनचा किस्सा सांगत होता. जनरलचा आवाज काढून दाखवत होता, ब्रिगेडियरचा काढत होता. सांगता सांगता म्हणाला, "मग त्या ब्रिगेडियरनं आपल्या मनानं फोन उचलला अन् म्हटलं, सकाळपासून मला ऐकू येऊन राहिलं साब, पण माझी पोरं मी मरू देणार न्हाई." लोक 'व्वा' म्हणाले.

मी त्याला चुलीमागं ओढलं. "अरे, मी बोललो म्हणून त्यानं उचलला. मी तिथं उभा होतो. तू तर डोलीत व्हतास."

"ठावं हाय मला."

"मग मला काहून गाळलंस?"

तो बशीत चहा ओतत होता. न बघताच म्हणाला, "तुला घेतलं की तो माणूस अडकून बोलल्यावानी दिसतो. तुला काढलं की खरा दिसतो. अन् व्हता तो खरा. तू बोलला नसतास तरी रातच्याला बोललाच असता तो."

"तुला काय ठावं?"

"न्हाई ठावं. तुला तरी काय ठावं?"

मी चिडलो. चहा न पिता सायकल काढली आणि अर्ध्या वाटेपर्यंत त्याला शिव्या देत गेलो. पुढच्या बाजाराला परत गेलो, कारण जवळ्यात दुसरी धड टपरी नव्हती. महबूबचा किस्सा चालूच होता आणि तो फोन उचलण्यापर्यंत आलेला. आखाडा बाळापूरचा एक म्हातारा व्यापारी माझ्या बाजूला बसला होता. त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं की आम्ही दोघं एकाच डिव्हिजनमध्ये होतो. त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "तुमी व्हता का हो तवा तिथं?"

महबूब बोलायचा थांबला. हातात किटली तशीच.

मी म्हटलं, "न्हाई. मी खाली लाइनवर होतो."